स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स: सोलापूरच्या रस्त्याला कोणता, रेसट्रॅकला कोणता?

मे महिन्यात सोलापुरात दुपारचा पारा ४२ अंशांच्या आसपास असतो आणि होटगी रोडच्या डांबरावर हात टेकवत नाही. अशा गावात स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये बहुधा एकच आकडा विचारतो: शून्य ते शंभर किती सेकंदांत? आकडा खरा असतो, पण तो ताज्या गाडीवर, सरळ रस्त्यावर, एका धावेत घेतलेला असतो. गाडी रोज कशी वागेल आणि ट्रॅकवर पाचव्या फेरीला कशी वागेल, हे त्यातून कळत नाही. ते कळायला दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ही गाडी उष्णता कुठं तयार करते आणि ती बाहेर कशी टाकते? मॅन्युअल, ड्युअल क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर या तिन्ही गिअरबॉक्सची गुणदोषांची यादी इथूनच सुरू होते.

सोलापूरकरांना हा प्रश्न जास्त लागू पडतो, कारण ट्रॅक लांब आहेत. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे साधारण २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. पहिले दोन सोलापूरहून हजार किलोमीटरांच्या घरात आहेत, तिसरं त्याहून बरंच पुढं. गाडी ट्रेलरवर चढवून नेणार नसाल, तर जी गाडी ट्रॅकवर पळवायची तीच विजापूर रोडनं किंवा हैदराबाद रोडनं जाणार, ट्रकांच्या मागं रखडणार, आणि त्याच टायरवर, त्याच ब्रेकवर परत येणार. म्हणून गाडी निवडताना येण्याजाण्याचे दोन हजार किलोमीटरही हिशोबात धरा.

आधी गिअरचं गणित

इंजिन ठरावीक आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पट्ट्यातच नीट ओढतं. गाडीला त्या पट्ट्यात ठेवणं हे गिअरबॉक्सचं काम. एक उदाहरण आकड्यांत मांडू, कारण पुढची बरीचशी चर्चा याच आकड्यांवर उभी आहे. २०५/५५ आर १६ मापाच्या टायरचा घेर जवळपास १.९८ मीटर भरतो. समजा दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.०, तिसऱ्याचं १.४ आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधलं शेवटचं गुणोत्तर) ४.० आहे. दुसऱ्यात इंजिनच्या आठ फेऱ्यांना चाकाची एक फेरी पडते. ६००० आरपीएमला चाक मिनिटाला ७५० वेळा फिरतं आणि गाडी ताशी ८९ किलोमीटरवर असते. तिथं तिसरा टाकला की इंजिन ४२०० वर उतरतं, आणि तिसऱ्यात पुन्हा ६००० गाठेपर्यंत वेग १२७ होतो.

४२०० ला तुमचं इंजिन किती ओढतं, यावर गिअर कधी बदलायचा ते ठरतं. छोट्या टर्बो इंजिनांचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, लवकर येतो आणि वर मावळतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआय या टर्बो इंजिनाला २५० एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क १६०० ते ३५०० आरपीएममध्ये मिळतो. असं इंजिन लाल रेषेपर्यंत ताणून फारसा फायदा होत नाही, ५५०० च्या आसपास वरचा गिअर टाकलेला बरा. टर्बो नसलेल्या, वर फिरणाऱ्या इंजिनाचं उलट. पोर्शे ९११ जीटी३ चं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत जातं आणि खरी मजा शेवटच्या तीन हजारांत आहे.

गिअर पाडताना, म्हणजे खालचा गिअर टाकतानाही हेच गणित. ताशी ८० ला तिसऱ्यात इंजिन साधारण ३७७० वर असतं, दुसऱ्यात त्याला ५३९० वर असावं लागतं. मधला १६०० चा फरक कुणीतरी भरून काढायला हवा. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारून भरलात तर गाडी गुळगुळीत राहते. नुसता क्लच सोडलात तर तो फरक क्लच प्लेट घासून आणि चाकांना झटका देऊन भरला जातो. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत, वळणात शिरताना, ब्रेक दाबलेले असताना हा झटका बसला तर मागची चाकं क्षणभर अडकतात आणि गाडी फिरते. पुढच्या चाकांच्या गाडीत फिरण्याचा धोका कमी, पण पुढचे टायर आधीच ब्रेकचं आणि वळणाचं काम करत असतात, त्यात ही भर पडली की गाडी वळण सोडून सरळ जायला बघते.

मॅन्युअल: उष्णता कमी, चूक महाग

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये एकदा क्लच पूर्ण सुटला की इंजिन आणि चाकं यांच्यात घसरणारं काही उरत नाही. ट्रॅकवर क्लच प्रत्येक गिअरला अर्धा सेकंद कामाला येतो, बाकी वेळ निवांत असतो. त्यामुळं ट्रॅकवर तापण्याच्या बाबतीत हा सगळ्यात निर्धास्त प्रकार. क्लच जळतो तो सुरुवातीला जोरात रेस देऊन गाडी उठवताना, किंवा चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवताना. म्हणजे ट्रॅकपेक्षा पार्किंगच्या उतरंडीवर त्याची जास्त झीज होते.

मॅन्युअलचा खरा धोका हाताच्या चुकीत आहे. वरच्याच उदाहरणात ताशी १२० ला तिसऱ्यात इंजिन ५६६० वर आहे. चौथा टाकायचा होता, घाईत लिव्हर डावीकडं ढकलली गेली आणि दुसरा पडला. क्लच सोडताच चाकं इंजिनला ८०८० आरपीएमवर फिरवतात. इथं आरपीएमला मर्यादा घालणारा रेव्ह लिमिटर वाचवत नाही, कारण तो फक्त पेट्रोल बंद करू शकतो. इंजिन पेट्रोलवर फिरत नसून गाडीचं वजन त्याला फिरवत असतं. व्हॉल्व्ह वेळेत मागं येत नाहीत, पिस्टन त्यांना धडकतात, आणि इंजिन उघडावं लागतं. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्या आरपीएमची नोंद राहते, त्यामुळं वॉरंटीचा दावाही टिकत नाही. उपाय साधा आहे: तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मूठ घट्ट आवळू नका, उघड्या तळव्यानं लिव्हर सरळ मागं ओढा. लिव्हर स्प्रिंगमुळं आपोआप मधल्या रेषेत येते. ती बाजूला ढकलणारा हात आपलाच असतो.

ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच पायानं सांभाळायची पद्धत, जिला हील-टो म्हणतात, ती शिकायला रिकामा सरळ रस्ता आणि ताशी ५०-६० चा वेग पुरतो. आधी ब्रेकवर पायाच्या चवड्याचा दाब स्थिर ठेवायला शिका. मग क्लच दाबा, गिअर पाडा, पायाची उजवी कड वळवून अ‍ॅक्सिलरेटरला छोटा धक्का द्या, आणि आरपीएम वर असतानाच क्लच सोडा. नव्यानं शिकणाऱ्याची चूक ठरलेली: धक्का देताना ब्रेकचा दाब बदलतो आणि गाडी मान हलवते. तसं होत असेल तर अजून ट्रॅकवर ते करू नका. ब्रेक आधी, गिअर नंतर, असं सुटं सुटं करा. वेळ थोडा जातो, गाडी सरळ राहते. आणखी एक अडचण गाडीतूनच येते. बऱ्याच आधुनिक गाड्यांत ब्रेक दाबलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापतो. बीएमडब्ल्यू एम२ च्या मॅन्युअलमध्ये आणि ९११ जीटी३ च्या मॅन्युअलमध्ये गाडी स्वतःच आरपीएम जुळवून देते, हवं तर ते बंदही करता येतं.

ड्युअल क्लच: ओला की कोरडा, हे आधी विचारा

ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात. एकाकडं १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्याकडं २, ४, ६. तिसऱ्यात चालत असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, बदलताना फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. मधे ओढ तुटत नाही. पोर्शेनं ही पद्धत १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांवर पारखली. सामान्य ग्राहकाला विकलेल्या गाडीत ती पहिल्यांदा २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मध्ये आली, आणि पोर्शेच्या ९११ मध्ये २००८ पासून.

आपल्याकडं फोक्सवॅगन-स्कोडाच्या ड्युअल क्लचच्या 'डीएसजी' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. जुनी पोलो जीटी टीएसआय, आणि आताच्या व्हर्टस जीटी व स्लाविया १.५ यांत कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीक्यू२०० नावाचा गिअरबॉक्स आहे. त्याची टॉर्कची मर्यादा २५० एनएम, आणि १.५ टीएसआयचा टॉर्क नेमका तेवढाच. म्हणजे गिअरबॉक्स आपल्या छतालाच टेकलेला आहे. अशा गाडीचा कॉम्प्युटर ट्यून करून टॉर्क ३०० च्या वर नेणारे लोक त्याच गिअरबॉक्सचं आयुष्य खर्च करत असतात. २०२५ मध्ये भारतात आयात झालेल्या गोल्फ जीटीआय आणि ऑक्टेव्हिया आरएस यांत मात्र ओल्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी आहे. २६५ पीएस (अश्वशक्ती) आणि ३७० एनएम त्याला झेपतात, कारण क्लच प्लेट तेलात बुडालेल्या असतात, ते तेल पंपानं फिरतं आणि कूलरमधून थंड होऊन येतं.

कोरड्या क्लचची उष्णता फक्त आजूबाजूच्या हवेला दिली जाते. ४२ अंशांच्या हवेत, गाडी रांगत असताना, ती जाते कुठं? जानेवारीत गड्डा यात्रेच्या वेळी सिद्धेश्वर मंदिराकडची गर्दी, किंवा सात रस्त्याला सिग्नलच्या रांगेत पाच-पाच फूट पुढं सरकणं, हे कोरड्या ड्युअल क्लचसाठी ट्रॅकच्या फेरीपेक्षा जास्त जड असतं. ट्रॅकवर क्लच धरलेला असतो. रांगेत तो सतत घासत असतो. बहुतेकांची समजूत याच्या बरोबर उलटी असते, म्हणून गाडी जपून चालवणाऱ्यांचेच क्लच लवकर थरथरायला लागतात.

रांगेत काय करायचं ते सरळ आहे. पुढच्या गाडीला पंधरा-वीस फूट जाऊ द्या, मग एकदम ब्रेक सोडून पुढं जा आणि पूर्ण थांबा. ब्रेक अर्धवट दाबून गाडी रांगत ठेवू नका; ब्रेक पूर्ण दाबला की क्लच स्वतःच सुटतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटरनं गाडी धरून ठेवू नका. उलटा चढ चढवत पार्किंगमध्ये घालायची वेळ आली तर एका दमात घाला, इंच इंच करत नाही. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा डॅशबोर्डवर आला तर गाडी बाजूला घेऊन पी मध्ये टाका आणि इशारा जाईपर्यंत थांबा. तसंच रेटलं तर आधी थरथर येते, मग गाडी ताकद कमी करते, आणि शेवटी ओढ सोडून देते.

ओल्या डीएसजीची किंमत देखभालीत मोजावी लागते. जुन्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. ट्रॅकवर जाणाऱ्यानं निम्म्यात बदलावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. जळलेल्या तेलात क्लच प्लेटची भुकटी फिरते आणि ती गिअर बदलणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकते. तेल स्वस्त आहे, मेकॅट्रॉनिक नाही.

टॉर्क कन्व्हर्टर: जुना समजून टाळू नका

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे सुस्त ऑटोमॅटिक, ही समजूत पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत बरोबर होती. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स आल्यापासून ती बदलायला हवी. इंजिन एका पंख्यानं तेल ढकलतं, समोरचा पंखा त्या तेलानं फिरतो. सुरुवातीला टॉर्क जवळपास दुपटीनं वाढूनही मिळतो. घासणारी प्लेट नाही, त्यामुळं गर्दीत रांगण्याची झीज जवळपास शून्य. उष्णता सगळी तेलात जाते, आणि तेल भरपूर असतं, त्याला कूलर असतो. वेग घेतला की लॉक-अप क्लच धरतो आणि मधली तेलाची घसरण संपते.

बीएमडब्ल्यूनं आधीच्या एम२ काँपिटिशनला ड्युअल क्लचचा पर्याय दिला होता. आताच्या एम२ मध्ये तो काढून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर दिला, शिवाय सहा गिअरचा मॅन्युअल. भारतात दोन्ही विकले जातात. २०२३ ची ४६० पीएसची एम२ ऑटोमॅटिकमध्ये ४.१ सेकंदांत शंभर गाठते, मॅन्युअलमध्ये ४.३. बीएमडब्ल्यूच्या एम विभागानं, ज्याचा सगळा व्यवसाय वेगावर आहे, ड्युअल क्लच सोडून हा गिअरबॉक्स स्वीकारला, यावरून तो किती सुधारला आहे ते कळतं. रोज सोलापुरात चालवायची, महिन्यातून दोनदा पुण्याला जायचं, वर्षातून एकदा ट्रॅक, असा वापर असेल तर आमच्या मते हाच सगळ्यात समंजस पर्याय आहे. झेडएफ स्वतः तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदलायला सांगते. 'आयुष्यभराचं तेल आहे' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) आणि एएमटी (मॅन्युअलच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) यांच्याबद्दल थोडक्यात. सीव्हीटी सतत पूर्ण ताकदीवर चालवला की तापतो आणि स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो. एएमटीला गिअर बदलताना ओढ तुटते, वळणाच्या मध्यावर ते नको असतं. दोन्ही शहरासाठी ठीक, ट्रॅकसाठी नाहीत.

आकड्यांच्या पलीकडं: रस्त्यावर किती वापरता येतं?

९११ जीटी३ (९९२ पिढी, ५१० पीएस) दोन्ही प्रकारांत मिळते. शून्य ते शंभर पीडीके (पोर्शेचा ड्युअल क्लच) ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. मॅन्युअल १४१८ किलो, पीडीके १४३५. ट्रॅकवर घड्याळ लावलं तर पीडीके जिंकतो, यात वाद नाही. तरी २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणणाऱ्या पोर्शेला २०१७ मध्ये मॅन्युअल परत द्यावा लागला, कारण घेणारे मागत होते. मॅन्युअल घेणारा अर्धा सेकंद जाणूनबुजून देतो आणि बदल्यात हातापायाला काम घेतो. हे मान्य असेल तरच घ्या.

पण रस्त्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट गिअरच्या लांबीत आहे. पोर्शेची ७१८ केमन जीटी४ फार सुंदर गाडी, ४२० पीएस, ४ लिटर इंजिन. तिचा दुसरा गिअर ताशी १३० च्याही पुढं जातो. आपल्या चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर कारची कमाल मर्यादा १०० आहे. म्हणजे मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत कायद्यात राहून तुम्ही दुसरा गिअरही एकदा पूर्ण वापरू शकत नाही. त्याउलट व्हर्टस १.५ मॅन्युअल किंवा आय२० एन लाइनसारख्या गाडीत त्याच शंभराच्या आत दुसरा संपतो, तिसरा लागतो, इंजिन मनसोक्त फिरतं. छोट्या गाडीत रस्त्यावर जास्त गाडी चालवायला मिळते, आणि पहिली गाडी म्हणून ती घ्यावी असं आम्ही आग्रहानं सांगतो. पैसे उरतील ते टायर, ब्रेक आणि ट्रॅकच्या फीला लावा.

डिफरेन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग, तोही बघा. व्हर्टस-स्लावियासारख्या गाड्यांत वळणात आतलं चाक घसरलं की कॉम्प्युटर त्या चाकाचा ब्रेक दाबतो. रस्त्यावर ते छान चालतं. ट्रॅकवर मात्र तेच पुढचे ब्रेक आधीच तापलेले असतात, त्यांना वळणातही विश्रांती मिळत नाही. गोल्फ जीटीआय आणि ऑक्टेव्हिया आरएसला पुढं इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा खरा लॉकिंग डिफरेन्शियल आहे, तो ताकद बाहेरच्या चाकाकडं पाठवतो. कागदावर दोन्ही सोयी सारख्याच वाटतात, दहाव्या फेरीला सारख्या राहत नाहीत.

आपल्या भागातली काळी माती रस्ता लाटांसारखा करते. बार्शी किंवा अक्कलकोटकडं जाताना वरून गुळगुळीत दिसणारं डांबर ताशी ८० ला गाडी हवेत उचलतं. अशा रस्त्यावर सर्वात कडक सस्पेन्शन मोड निवडू नका. चाक रस्ता सोडतं आणि पकड उलट कमी होते. १९ इंची चाकावर ३५ प्रोफाइलचा (कमी उंचीच्या बाजूचा) टायर असेल तर खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायरची बाजू चिमटली जाते आणि तिला फुगा येतो. तो टायर संपला, पंक्चर काढून चालत नाही. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते, फक्त पंक्चर भरायची बाटली असते, आणि ती बाजूच्या चिरेवर काम करत नाही. तुमच्या मापाचा टायर सोलापुरात मिळतो का, हे गाडी घेण्याआधी दुकानात विचारा. ऊस गाळपाच्या दिवसांत रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्या महिन्यांत लांबचा प्रवास उजेडात करा.

ट्रॅकवर सगळ्यात आधी हरतात ते ब्रेक

चालकासह १३३० किलोची व्हर्टस ताशी १६० वरून ८० वर आणली की ब्रेकमध्ये जवळपास १० लाख ज्यूल उष्णता जाते. तीन लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला एवढीच लागते, आणि इथं ती काही सेकंदांत तयार होते. १८०० किलोची एम२ दोनशेवरून ऐंशीवर आली की हाच आकडा २३ लाखांवर जातो. फेरीत असं तीन-चार वेळा. मोठी, ताकदवान गाडी ट्रॅकवर खर्चिक का पडते, ते इथं दिसतं.

ब्रेक दोन प्रकारे जातात, आणि फरक पायाला कळतो. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाबाहेर गेले आहेत. ताजं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण हवेतली ओल शोषलेलं १५५ लाच उकळू शकतं. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे ब्रेक नसलेली गाडी नेणं. निघण्याआधीच्या आठवड्यात ऑइल बदला, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे घाला आणि जुने परतीसाठी डिकीत ठेवा. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, ते डॉट ४ च्या गाडीत घालू नका.

टायरच्या हवेचं गणित: तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो. ट्रॅकवर टायर पन्नास अंश सहज चढतात, म्हणजे ३३ वर भरलेला टायर ४० च्या वर जातो, मधूनच फुगतो आणि पकड घटते. म्हणून ट्रॅकवर पोचल्यावर थंड टायरमधून चार-पाच पीएसआय काढा, तीन फेऱ्यांनंतर गरम असतानाच मोजा, आणि चारही टायर सारख्या गरम दाबाला आणा. हे फक्त ट्रॅकवर. कमी हवेनं महामार्गावर निघालात तर टायरची बाजू तापून फुटते.

फेऱ्यांची शिस्तही उष्णतेवरूनच ठरते. पहिली फेरी हळू, सगळं तापायला. मग तीन-चार जोरात. मग एक पूर्ण फेरी ब्रेक जवळपास न लावता, वरच्या गिअरमध्ये, गाडीला वारा लागू देत. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून राहतो आणि नंतर पेडल थरथरतं. मॅन्युअल गिअरमध्ये, ऑटोमॅटिक पी मध्ये, चाकाला उटी. टर्बो गाडी लगेच बंद न करता एक-दोन मिनिटं चालू ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर एस किंवा मॅन्युअल मोडमध्ये पॅडलनं गिअर ठरवा, नाहीतर वळणाच्या मध्यावर तो स्वतःच्या मनानं बदलतो.

विम्याचं आधी वाचून घ्या. आपल्याकडच्या प्रमाणित मोटार विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी स्पष्टपणे वगळलेली असते. झिरो डेप्रिसिएशन घेतलं असलं तरी ट्रॅकवरच्या अपघाताचा खर्च तुमचाच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

जुनी गाडी घेताना

जुन्या पोलो, ऑक्टेव्हिया आणि अशाच गाड्या या छंदाची स्वस्त सुरुवात आहेत. कोरडा डीएसजी तपासायचा तर गाडी आधी अर्धा तास शहरात चालवून गरम करा, विकणारा घाई करत असला तरी. मग सपाट जागी डी मध्ये फक्त ब्रेक सोडा: गाडी सलग निघाली पाहिजे, झटके देत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर म्हणजे क्लच पॅकची वेळ आली. चढावर उलटी चढवून बघा, मग स्कॅनर लावून मेकॅट्रॉनिकच्या नोंदी वाचा. ओल्या डीएसजीत तेल बदलल्याची बिलं मागा; बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

मॅन्युअलमध्ये चौथ्या गिअरला ताशी ४० वर येऊन अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर पळाला आणि वेग मागं राहिला, तर क्लच घसरतो. तिसऱ्यातून दुसरा पाडताना कचकच आली तर सिंक्रो रिंग (गिअर बसण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्या) झिजल्या आहेत. न्यूट्रलमध्ये उभी असताना खडखडाट येतो आणि क्लच दाबल्यावर तो बदलतो, असं असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे हादरे शोषणारं, क्लचला जोडलेलं जड चाक) मेकॅनिककडून बघून घ्या; ते बदलायचं झालं तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग त्याच वेळी बदला, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा द्यायची नसते.

ट्रॅकवरून परत निघण्याआधी चाकांचे बोल्ट थंड झाल्यावर टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बहुतेक गाड्यांना १२० एनएम, बाकीच्यांचा आकडा पुस्तिकेत असतो. टायरची हवा रस्त्याच्या दाबावर आणा, प्रत्येक टायरची आतली बाजू हात फिरवून बघा, पॅडची जाडी मोजा, इंजिन ऑइलची पातळी बघा. ब्रेकचं पेडल सकाळपेक्षा मऊ लागत असेल तर तिथंच ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या आणि मगच महामार्गाला लागा.